वेशीत उभा माणूस

‘पाय दाखव,’ मी म्हटलं.

मामानं पाय आणखी आत ओढला. ओसरीवर बसला होता, पुढ्यात झेंडूच्या फुलांचा ढीग, हातात सुई-दोरा. उजवा पाय त्यानं त्या ढिगाखाली सारून ठेवला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण लपवायची तऱ्हा शाळकरी पोराची.

‘आल्या आल्या पाय काय बघती गं? पाणी तरी पी.’

मी फुलं बाजूला सारली आणि पाय ओढून मांडीवर घेतला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. वर बांधलेल्या चिंधीला वास येत होता. मी तळवा दाबून पाहिला, नखानं टोचून पाहिलं, मामा आपला शांतपणे माझ्याकडे बघत होता. शुगरनं त्याचे पाय कधीचे बधिर झाले होते. मागं एकदा चपलेत खिळा घुसला तर तसाच दिवसभर शेतात फिरला. संध्याकाळी मामीला फरशीवर रक्त दिसलं तेव्हा घरात कळलं.

मामीनंच मला फोन केला होता. तालुक्याच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं की हे बोट आत्ता काढलं तर पाय राहील. दिवस घालवलेत तर विष वर चढेल, मग पाय जाईल, आणि त्यापुढं काय ते तुम्हीच समजा. एवढं ऐकून हा बाबा घरी आला आणि फुलं तोडायला लागला. मी बार्शीत पिठाची गिरणी चालवते. फोन ठेवला, गिरणीला कुलूप घातलं, शेजारच्या नवनाथची जीप ठरवली आणि उंबरगव्हाणला आले, ते ह्याला उचलून सोलापूरला न्यायच्या तयारीनंच. मला दुसरं माहेर नाही. आई गेली तेव्हा मी रांगत होते. ह्या माणसानं मला खांद्यावर बसवून वाढवली, शाळेत घातली, लग्न लावून दिलं. त्याला आणि मामीला मूल नाही. त्यांचं लेकरू म्हणजे मी, आणि माझे आईबाप म्हणजे तो.

‘ऊठ. जीप दारात उभी आहे.’

‘उद्या पुण्यतिथी हाय,’ मामा म्हणाला आणि त्यानं सुईत पुढचं फूल ओवलं.

आता उंबरगव्हाणची पुण्यतिथी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. हे गुणवंतराव साहेबांचं गाव. दिल्लीत बसून देशाचा कारभार हाकला, ते साहेब. फाट्यावर त्यांच्या नावाची भली मोठी कमान आहे, तिच्यातून आत आलात की दोन गल्ल्यांत गाव संपतं. स्मारकाच्या हॉलला बाराही महिने कुलूप. हेलिकॉप्टर उतरायला सिमेंटचा चौक केलेला, त्यावर बायका मिरच्या वाळत घालतात. साहेब हयात होते तेव्हा वर्षातून एकदा यायचे. गाडी वेशीबाहेर थांबवायचे, चपला काढायचे आणि अनवाणी गावात शिरायचे. शिरताना हात मामाच्या खांद्यावर. साहेब आणि लिंबराज मामा, दोघांनी लहानपणी एकत्र शेरडं राखलेली. लिंबराज वेशीत दिसल्याशिवाय मी गाडीतून खाली उतरत नाही, असं साहेब एकदा भाषणात बोलून गेले. झालं! तेव्हापासून मामा वेशीत उभा राहायला लागला तो लागलाच.

साहेब गेले तरी ते थांबलं नाही. दर पुण्यतिथीला कुणी ना कुणी मोठा पाहुणा यायचा. मागं पोलीस, डॉक्टर, साहेबलोक, गाड्यांची रांग. पाहुणा वेशीत उतरायचा, चपला काढायचा, मामाच्या खांद्यावर हात ठेवायचा, फोटो निघायचे. मग मामा आपल्या हातानं ओवलेला हार त्याच्या हातात द्यायचा आणि तो पुतळ्याला चढायचा. गावानं, सरकारनं, कुणी हे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण रीत पडली होती. त्या एका हारासाठी हा माणूस भर उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून झेंडूचा वाफा जगवायचा.

बदल्यात काय मिळालं म्हणाल तर काही नाही. ना त्यानं साहेबांकडे कधी काही मागितलं, ना नंतरच्यांकडे. मामी वैतागून म्हणायची, निदान विहिरीवर एक मोटर तरी मागायची. त्यावर मामाचं ठरलेलं उत्तर होतं की मागितलं की मी बाकीच्यांतला एक झालो. मला ते कधी पटलं नाही. पण कुणी गाव विचारलं तर हा माणूस उंबरगव्हाण म्हणायचा नाही, ‘साहेबांचं गाव’ म्हणायचा आणि छाती अशी पुढं यायची. ते बघायला मला आवडायचं, हेही खरं.

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं होतं. मी बोलबोल बोलले. माझं तोंड फटकळ आहे, सगळ्या बार्शीला माहीत आहे, पण त्या ओसरीवर मी जे बोलले ते कुणा दुश्मनालाही बोलले नसेन. साहेब मेलेत, तूही मर, म्हटलं. मग रडले. मामी रडली. नवनाथ म्हणाला, ताई, उचलून घालू का जीपमध्ये? तर मामानं ओसरीच्या खांबाला मिठी मारली आणि हार मांडीवर धरून तसाच बसला. त्याची बळजबरीनं उचलबांगडी करायचा धीर आम्हाला कुणालाच झाला नाही.

शेवटी त्यानंच तोडगा काढला. पाहुणा सकाळी दहाला येतो, अकराच्या आत सगळं उरकतं. जीप वेशीपाशीच उभी ठेव. हार हातातून गेला की मी गाडीत बसतो.

‘मग बोट काढ न्हाईतर पाय काढ, मी हूं की चूं करायचा न्हाई,’ मामा म्हणाला. ‘एवढं एकदा उभं राहू दे.’

मी हो म्हटलं. नाही म्हणून जाते कुठं?

ऊन उतरल्यावर मी वेशीकडे गेले, आणि मला तिथंच कळायला हवं होतं. दरवर्षी पुण्यतिथीच्या आधी फाट्यापासून पुतळ्यापर्यंत डांबर पडतं. डांबर कसलं, पोतेरं फिरवल्यासारखा एक काळा हात, पावसाळ्यात वाहून जाणारा. पण पडतं. कडेच्या दगडांना चुना लागतो. त्या वर्षी रस्ता तसाच उखडलेला होता. आणि दगडांना चुना गावातली माणसंच लावत होती. सरपंच धनाजी स्वतः बादली घेऊन वाकला होता.

मी त्याला सरळच विचारलं की उद्या येतंय तरी कोण. त्यानं कुंचला बादलीत टाकला. मुंबईत सरकार बदललंय, नवीन माणसं आहेत, थोडं मागंपुढं होतंय, पण येतील, साहेबांच्या गावाला कोण विसरेल, असं बरंच काही बोलला. नाव मात्र कुणाचं सांगेना. आणि जाताना हळूच म्हणाला की ताई, नानांच्या कानावर असलं काही घालू नका. गाव मामाला नानाच म्हणतं.

दुसऱ्या दिवशी मामा लवकर उठला. आंघोळ केली, खळ घातलेलं धोतर नेसला, फेटा बांधला. काळ्या बोटावर मामीनं नवी पांढरी पट्टी बांधली. नवनाथनं जीप वेशीत आणून लावली. मामानं वेशीपाशी चपला काढल्या, हार दोन्ही हातांवर घेतला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

ती जागा एकदा सावलीची होती. वेशीत मोठं लिंबाचं झाड होतं, पण साहेबांच्या माघारी मोठ्या गाड्या वळायला अडचण होते म्हणून ते तोडलं आणि खाली शहाबादी फरशी बसवली. चैत्राचं ऊन. सकाळीच त्या फरशीवर हात ठेवता येत नव्हता.

दहा वाजले. शाळेची पोरं ओळीत, हलगीवाले तयार. धनाजी मोबाइल कानाला लावून येरझाऱ्या घालत होता, मधेच मोठ्यानं सांगत होता की रेस्टहाउसवरनं निघालेत. मामानं हार सारखा केला. बारा वाजले, पोरांना चक्कर यायला लागली म्हणून मास्तर त्यांना वर्गात घेऊन गेले. मी मामाला म्हटलं, बस घडीभर, गाड्यांचा आवाज आला की ऊठ. तो म्हणाला, मी बसलोय आणि ते आलेत, असं आजवर झालेलं नाही. मी गोणपाट भिजवून आणलं, त्याच्या पायाखाली घालायला वाकले, तर त्यानं ते पायानं बाजूला केलं.

‘फोटोत दिसंल ते.’

‘पाय पोळतोय तुझा!’

‘मला काय बी होत न्हाई. बघ.’ आणि खरंच त्याच्या तोंडावर काही नव्हतं. घाम तेवढा फेट्याखालून ओघळत होता.

दुपार कलली. हलगीवाले निघून गेले. एकेक करून माणसं घरी गेली, जाताना मामाच्या समोरून जायला नको म्हणून मागच्या बोळातून. मी धनाजीला शाळेच्या भिंतीआड गाठला आणि त्याचा मोबाइल हिसकावून घेतला. म्हटलं, खरं बोल. तेव्हा त्या माणसाचा चेहरा पडला. जिल्ह्याच्या ऑफिसातून सकाळीच सांगितलं होतं की ह्या वर्षी उंबरगव्हाणचा कार्यक्रम कुणी लावलेलाच नाही. मग सकाळपासून कुणाशी बोलत होतास, म्हटलं. तर म्हणे कुणाशीच नाही. नुसता कानाला लावून हिंडत होता.

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, ‘मला न्हाई सांगता येत नानांना. तुम्ही सांगा.’

मी सांगितलं. मामापुढं उभी राहिले, त्याचे दंड धरले आणि एकेक शब्द सांगितला. कुणी निघालेलं नाही, कुणी येणार नाही, कार्यक्रमच नाही, धनाजी खोटं बोलत होता. आता चल.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून मागं, रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘ऑफिसातल्यास्नी काय म्हाईत? साहेब बी न सांगता यायचे.’

मी जमिनीवर फतकल मारून बसले. पोळलं म्हणून लगेच उठले. त्या माणसाला मी काय करणार होते? मामी पदरानं त्याला वारा घालत होती. आम्ही तिघंच राहिलो होतो वेशीत, आणि जीपमध्ये नवनाथ.

दिवस मावळतीला लागल्यावर फाट्याच्या बाजूनं धूळ दिसली. मामा ताठ झाला. हार वर उचलला. जवळ आली ती एक फटफटी होती. ग्रामसेवक. त्यानं वेशीत हॉर्न वाजवला, आणि मामानं, दिवसभर ज्या जागेवरून हलला नव्हता त्या जागेवरून, दोन पावलं बाजूला होऊन त्याला वाट दिली.

ग्रामसेवकानं प्लास्टिकच्या पिशवीतून बाजारचा हार काढला, पुतळ्याच्या गळ्यात घातला, तिथं रेंगाळणाऱ्या धनाजीला मोबाइल देऊन आपला फोटो काढून घेतला. वर पाठवायला लागतो, म्हणाला. हे सगळं चहा निवायच्या आत झालं. परत निघाला तेव्हा मामानं हात आडवा करून त्याला थांबवलं.

‘गाड्या मागं हायत का?’

‘कसल्या गाड्या, आजोबा?’

मामानं हात खाली घेतला. फटफटी निघून गेली. मग तो जीपकडे आला, स्वतःच दार उघडून मागच्या सीटवर बसला. हार मांडीवर होता. कडेची फुलं उन्हानं करपली होती.

मी त्याचे पाय वर उचलून मांडीवर घेतले तेव्हा माझे हात ओले झाले. तळव्यांची कातडी सुटली होती. दोन्ही पायांची. उजव्या टाचेची तर माझ्या हातात आली. मी ओरडले, नवनाथनं मागं वळून पाहिलं आणि जीप त्या खड्ड्यांतून जेवढी पळवता येईल तेवढी पळवली. प्रत्येक खड्ड्याला मी त्याचे पाय उराशी धरत होते. मामा खिडकीतून बाहेर बघत होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तो मान वळवून बघायचा.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पाय बघून त्या आधी माझ्यावरच उखडल्या. कुठं उभं केलं होतं ह्यांना? मग मामाकडे वळल्या आणि विचारलं, आजोबा, एवढं भाजलं, तुम्हाला कळलं कसं नाही?

‘कळलं असतं तर चप्पल घातली नसती का, बाई?’ मामा म्हणाला.

डावा पाय कसाबसा वाचला. उजव्यात विष चढलं होतं, तो गुडघ्याखाली काढावा लागला. कबूल केल्याप्रमाणं मामा हूं की चूं काही बोलला नाही. दवाखान्यात कुणी गाव विचारलं तर उंबरगव्हाण म्हणायला लागला. एवढंच. मला वाटलं, सुटला. एक पाय गेला पण त्या वेशीतून माणूस सुटला.

पुढच्या वर्षी निवडणूक होती.

फाट्यापासून पुतळ्यापर्यंत खरोखरीचं जाड डांबर पडलं. आदल्या दिवशी मामाचा फोन आला, नुसता ‘ये’ म्हणाला. मी गेले तर ओसरीवर फुलांचा ढीग होता. भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. सकाळी आम्ही त्याला उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत घालून वेशीत नेलं. पोलिसांनी दोरी बांधली होती. एक शिपाई आला आणि त्यानं खुर्ची मामासकट दोरीच्या मागं सरकवली. धनाजीनं त्याला मामा कोण ते सांगायचा प्रयत्न केला, पण शिपाई परजिल्ह्यातला होता, आणि त्याला वरून जे सांगितलं होतं त्यात मामा नव्हता.

लांबून सायरन ऐकू आला. मामानं हार उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘प्रयागे, मला उभा कर.’

मला वाटलं ते फेकून द्यावं, ती खुर्ची, तो हार, सगळं. वाटलं, ह्या माणसाला इथून उचलून जिथं कुणी साहेब जन्मला नाही अशा गावाला न्यावं. पण त्यानं दोन्ही हात वर केले होते, आणि त्या हातांनी मला आयुष्यभर उचललेलं होतं. एका बाजूनं मी, एका बाजूनं मामी, आम्ही त्याला उभा केला. धोतराचा उजवा सोगा मोकळा हलत होता. सगळा भार माझ्या खांद्यावर आला. केवढासा राहिला होता माणूस.

पहिली गाडी आली ती वेगात. नव्या रस्त्यावर वेशीत थांबायचं कारणच नव्हतं, गाडी थेट पुतळ्यापर्यंत जात होती. काचा बंद, आतलं काही दिसत नव्हतं. दुसरी, तिसरी. मामा प्रत्येक गाडीसमोर हार थोडा पुढं करत होता. शेवटची पांढरी रुग्णवाहिका गेली आणि रस्ता रिकामा झाला. तिकडं पुतळ्यापाशी लाउडस्पीकर सुरू झाला.

माझा खांदा भरून आला होता.

‘बस आता, मामा,’ मी म्हटलं. ‘गेल्या सगळ्या.’

‘थांब जरा,’ तो म्हणाला. ‘मागं अजून एखादी असंल.’

आम्ही दोघींनी त्याला तसाच धरून ठेवला.